भिक्खू संघात न्याय कसा होत असे

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत केलेले भाषण आपल्या घराघरांत माहीत आहे. राजकीय समता आली पण सामाजिक व आर्थिक विषमता तशीच राहिली तर काय होईल, हा त्यांनी दिलेला इशारा दर २६ नोव्हेंबरला आपल्या सभांमधून सांगितला जातो. मात्र त्याच भाषणात बाबासाहेबांनी भिक्खू संघाविषयी जे सांगितले, ते बहुधा एका वाक्यात उरकले जाते. भारताला संसद ठाऊक नव्हती असे नाही, भिक्खू संघ म्हणजे संसदच होती, असे त्यांनी म्हटले आणि पुढे यादी दिली. बसण्याची व्यवस्था, ठराव, गणपूर्ती, प्रतोद, मतांची मोजणी, गुप्त मतदान, निषेधाचा ठराव, एकदा निकाल लागलेले प्रकरण पुन्हा उकरून न काढण्याचा नियम, हे सर्व संघात होते. तथागतांनी हे नियम त्या काळच्या गणराज्यांच्या सभांमधून घेतले असावेत, असेही ते म्हणाले.

टाळ्या वाजवण्यासारखीच ही गोष्ट आहे. पण ही यादी आली कुठून, असे एखाद्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने विचारले तर आपल्यापैकी किती जण सांगू शकतील? आम्ही हा लेख लिहायला घेतला तो त्या प्रश्नासाठी. शोधायला गेल्यावर ठराव आणि मतदान यांपेक्षा निराळेच काहीतरी जास्त महत्त्वाचे आहे असे आम्हाला दिसले. माणसाला दोषी ठरवताना संघाने स्वतःवर कोणती बंधने घालून घेतली होती, ते पाहण्यासारखे आहे.

त्रिपिटकातील विनयपिटक म्हणजे संघाच्या कारभाराचा ग्रंथ. पालि परंपरेत भिक्खूंसाठी २२७ आणि भिक्खुणींसाठी ३११ नियम आहेत. २२७ मधले शेवटचे सात नियम कसे वागावे हे सांगत नाहीत. भांडण झाले तर ते कसे मिटवावे, हे सांगतात. त्यांना अधिकरण-समथ म्हणतात. त्यांचा सविस्तर इतिहास चुल्लवग्गाच्या चौथ्या प्रकरणात आणि महावग्गाच्या शेवटच्या दोन प्रकरणांत सापडतो.

संघाचे काम चालायचे ते असे. एका जाणत्या भिक्खूने उभे राहून प्रस्ताव मांडायचा, त्याला ञत्ती म्हणत. साध्या कामाला प्रस्ताव आणि एकदा विचारणा पुरे होई. मोठ्या कामाला, म्हणजे कोणाला संघात घ्यायचे किंवा कोणाला शिक्षा करायची असेल तर, प्रस्तावानंतर तीनदा विचारायचे. ज्यांना मान्य आहे त्यांनी गप्प राहावे, ज्यांना मान्य नाही त्यांनी बोलावे. तीनदा विचारून कोणी बोलले नाही तरच ठराव झाला. चार, पाच, दहा किंवा वीस, जसे काम तशी किमान संख्या. गणपूर्ती व्हावी म्हणून माणसे जमवणारा तो गणपूरक, बाबासाहेबांच्या यादीतला प्रतोद तो हाच. आजारी भिक्खूला वगळून बैठक उरकता येत नसे, त्याची संमती कोणाकडून तरी आणावी लागे. सीमेच्या आत राहणारा एकही भिक्खू न विचारता बाहेर राहिला, तर ते काम अपुऱ्या संघाचे म्हणून रद्द. नियम परिस्थितीप्रमाणे बदललेही गेले. अवंतीच्या सोण कुटिकण्णाला उपसंपदा देण्यासाठी दहा भिक्खू जमवायला तीन वर्षे लागली, तेव्हा दूरच्या मुलखात पाच भिक्खूंवर काम भागवायची मोकळीक तथागतांनी दिली. त्या पाचांत एक मात्र विनयाचा जाणकार हवा.

आता एक गोष्ट सांगतो. महावग्गाच्या नवव्या प्रकरणात ती आहे, आणि आपल्या प्रवचनांमधून ती फारशी ऐकू येत नाही.

काशी देशात वासभगाम नावाचे एक खेडे होते. तिथल्या विहारात काश्यपगोत्र नावाचा भिक्खू राहत असे. एकदा बाहेरगावचे बरेच भिक्खू तिथे आले. याने पाय धुवायला पाणी दिले, आसने मांडली, आंघोळीची सोय केली, सकाळी यवागू आणि दुपारी जेवण मिळेल अशी खटपट केली. पाहुण्यांना वाटले, फार चांगला भिक्खू आहे हा, इथेच राहू या. राहिले. काही दिवसांनी काश्यपगोत्राच्या मनात आले, यांचा प्रवासाचा शीण गेला, गावही यांना आता ओळखीचे झाले, आणि परक्यांच्या घरी जाऊन रोज मागत राहणे काही सोपे नाही. त्याने खटपट बंद केली. झाले! पाहुण्यांचे डोके फिरले. पूर्वी हा आमच्यासाठी धडपडत होता, आता नाही, म्हणजे हा बिघडला. त्यांनी त्याला म्हटले, "तुझ्या हातून अपराध झाला आहे, तुला तो दिसतो का?" तो म्हणाला, "मला काही अपराध दिसत नाही." तेव्हा अपराध मान्य करत नाही या कारणावरून त्यांनी त्याला संघाबाहेर ठेवले. या शिक्षेला उक्खेपनीय म्हणतात.

काश्यपगोत्राने काय केले ते पाहा. तो भांडला नाही की गावात आपला गट उभा केला नाही. आपल्याला हे ठाऊक नाही की अपराध झाला की नाही, शिक्षा योग्य की अयोग्य, तर चंपेला जाऊन तथागतांनाच विचारू, असे म्हणून तो निघाला. काशीपासून चंपा, म्हणजे आजच्या बिहारमधले भागलपूर, पायी. तथागत गग्गरा तळ्याकाठी होते. त्यांनी आधी विचारपूस केली, प्रवास नीट झाला ना, कुठून आलास. मग सगळी हकिकत ऐकून घेतली. निकाल असा दिला, की हा अपराध नाही. तू बाहेर नाहीस, तू संघातच आहेस. ते काम अधर्माचे होते, ते टिकणारे नाही. जा, वासभगामलाच जाऊन राहा.

इथे क्षणभर थांबावेसे वाटते. तुला माफ केले, असे तथागत म्हणत नाहीत. शिक्षा चुकीच्या रीतीने झाली म्हणजे ती झालीच नाही, असे ते सांगतात. पुढे त्या पाहुण्या भिक्खूंना पश्चात्ताप झाला, तेही चंपेला आले आणि त्यांनी चूक कबूल केली. त्यांना तथागतांनी फटकारले आणि त्यांची कबुली स्वीकारली. याच प्रसंगावरून मग कोणते काम कायदेशीर आणि कोणते बेकायदा, याचे लांबलचक नियम झाले. अपुरा संघ असेल तर बेकायदा. पूर्ण संघ असला पण रीत चुकली तर बेकायदा. प्रस्ताव एक आणि ठराव दुसराच, तोही बेकायदा.

शिक्षेच्या बाबतीत तर चुल्लवग्ग पहिल्याच प्रकरणात मोजून सांगतो. ज्याच्यावर आरोप आहे तो समोर हजर हवा. त्याला विचारले गेले पाहिजे. त्याने काय कबूल केले ते पुढे आले पाहिजे. या तिन्हींपैकी एक जरी नसले तरी निषेधाचे काम, ज्याला तज्जनीय कम्म म्हणतात, ते अधर्माचे ठरते. आरोप करणाऱ्यालाही मोकळीक नाही. त्याने आधी समोरच्याची परवानगी मागायची, मगच बोलायचे. आपले स्वतःचे वागणे स्वच्छ आहे का, मनात द्वेष आहे की मैत्री आहे, आपल्याला विनय कळतो का, हे त्याने आधी स्वतःला विचारायचे. योग्य वेळी, खरे, सौम्य शब्दांत आणि त्या माणसाच्या भल्यासाठी बोलायचे. आमच्या मंडळांच्या बैठका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना यातला प्रत्येक शब्द बोचेल. अमुक माणसाला कमिटीतून काढले, हे त्या माणसाला तिसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कळते. का काढले ते कोणीच सांगत नाही. "ठराव झालाय" एवढेच उत्तर. आता ठराव कुठे झाला, कोण हजर होते, त्याला विचारले का, या प्रश्नांना विनयात जागा आहे, आपल्याकडे बऱ्याचदा नसते.

शिक्षा संपण्याची वाटही ठरलेली होती. कोसंबीच्या घोषितारामात छन्न भिक्खूला अपराध मान्य करत नाही म्हणून संघाबाहेर ठेवले आणि हे सर्व विहारांना कळवले. तो ज्या ज्या विहारात गेला तिथे कोणी त्याला वंदन करेना की मान देईना. शेवटी तो परत आला, नीट वागू लागला, आणि मी सुधारलो, मला परत घ्या, असे त्याने संघाला सांगितले. संघाने तितक्याच रीतसर, तीनदा विचारून, शिक्षा मागे घेतली. आपल्याकडे माणूस काढण्याची रीत सगळ्यांना येते, परत घेण्याची कोणालाच ठाऊक नसते.

ज्याच्या हातात वाटप असते त्याच्यावर बालंट येते, हेही जुनेच आहे. दब्ब मल्लपुत्त हा संघातर्फे बिछाने आणि जेवणाची आमंत्रणे वाटून देत असे. मेत्तिय आणि भुम्मजक यांच्या गटाच्या वाट्याला एकदा एका सधन घरचे आमंत्रण आले, पण तिथे त्यांना कण्यांचा भात आणि आंबट कांजी मिळाली. हे दब्बानेच करवले असे धरून त्यांनी त्याच्यावर चारित्र्याचा खोटा आरोप आणवला. तथागतांनी सर्व संघासमोर दब्बाला विचारले. तो म्हणाला, जन्मल्यापासून स्वप्नातही असे माझ्याकडून घडलेले नाही. आरोप करणाऱ्यांची चौकशी झाली, खोटेपणा बाहेर पडला. मग संघाने दब्बाला सतिविनय दिला. म्हणजे याची स्मृती स्वच्छ आहे, याच आरोपावरून याला पुन्हा छेडू नये, असा ठराव. निर्दोष माणसाची निर्दोषता कागदावर, किंवा त्या काळच्या हिशेबाने सर्वांच्या पाठांतरात, नोंदवून ठेवायची ही सोय आम्हाला फार मोलाची वाटते. आरोप झाल्याचे गावभर होते, खोटा निघाल्याचे कोणी सांगत नाही.

आता मतदानाकडे वळू. वाद काही केल्या मिटेना तर बहुमताने निकाल द्यायची पद्धत होती, तिला येभुय्यसिका म्हणत. मतपत्रिका म्हणजे सलाका, लाकडाच्या काड्या. त्या वाटणारा माणूस संघाने ठरावाने नेमायचा. तो आवडीने, रागाने, भीतीने किंवा अज्ञानाने झुकणारा नको, आणि कोणती काडी उचलली गेली, कोणती नाही, याचे त्याला भान हवे. मत घ्यायच्या तीन तऱ्हा: गुप्त, कानात सांगून, आणि उघड. गुप्त मतदानात दोन बाजूंच्या काड्या वेगवेगळ्या रंगांच्या. वाटणाऱ्याने एकेकाजवळ जाऊन सांगायचे, ही या मताची, ही त्या मताची, हवी ती घे, कोणाला दाखवू नकोस.

इथपर्यंत वाचून छाती फुगते. पण पुढचा भाग लपवून ठेवला तर तो इतिहास नव्हे. मोजणी झाल्यावर अधर्माच्या बाजूचे लोक जास्त निघाले असे वाटले, तर वाटणाऱ्याने ते मतदान नीट झाले नाही म्हणून रद्द करावे, असे तिथे लिहिले आहे. आजच्या निवडणूक अधिकाऱ्याने असे केले तर आपण मोर्चा काढू. बचाव करणारे म्हणतात, धम्म काय आहे हे मतांनी ठरत नाही, तथागतांच्या वचनाने ठरते, मतदान फक्त भांडण थांबवायला. हे म्हणणे समजण्यासारखे आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे जे कारण दिले आहे तेही आठवावे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून कोलियांशी युद्ध करायचा ठराव शाक्य संघात मोठ्या बहुमताने झाला आणि विरोध करणाऱ्या सिद्धार्थाला देश सोडावा लागला. बहुमत अन्याय करू शकते, हे ज्याने भोगले त्याच्या संघात बहुमतावर अंकुश असावा यात नवल नाही. तरीसुद्धा तो अंकुश एकाच माणसाच्या हातात, आणि तोही गुप्त मोजणीनंतर, हे आम्हाला पटत नाही. काड्या कोणी मोजल्या हे दुसऱ्याला दिसलेच नाही, तर वाटणाऱ्याच्या पाच गुणांवर विश्वास ठेवण्यावाचून संघाकडे काही उरत नाही.

भिक्खुणींची गोष्टही सांगितली पाहिजे. त्यांचा संघ वेगळा होता, त्यांच्या बैठका, ठराव त्या स्वतः चालवत. पण विनयपिटकात आलेल्या आठ गरुधम्मांप्रमाणे भिक्खू भिक्खुणीला उपदेश करू शकतो, भिक्खुणीने भिक्खूला बोल लावायचा नाही. हे नियम मूळचे की मागाहून घातलेले, यावर अभ्यासक वाद घालतात. आमच्या विहाराचा खर्च, झाडलोट आणि पौर्णिमेची खीर ज्या उपासिकांच्या जोरावर चालते, त्यांनी हा भाग मुद्दाम वाचावा.

वडीलधाऱ्यांना मात्र सूट नव्हती. वर्षावास संपला की पवारणा होई. सर्वांत ज्येष्ठ भिक्खूने आधी उकिडवे बसून, हात जोडून संघाला म्हणायचे, माझ्याबद्दल तुम्ही काही पाहिले असेल, ऐकले असेल, शंका आली असेल, तर माझ्यावर दया करून सांगा. त्यानंतर बाकीचे क्रमाने. सुरुवात अध्यक्षापासून!

तरी भांडणे झालीच. सर्वांत गाजलेले कोसंबीचे. अट्ठकथेत त्याचे कारण दिले आहे ते वाचून हसू येते आणि वाईटही वाटते. एक धम्म सांगणारा, एक विनय जाणणारा, दोघांचे शिष्य पुष्कळ. धम्म सांगणाऱ्याने शौचकूपातल्या भांड्यात उरलेले पाणी तसेच ठेवले. दुसऱ्याने विचारले, हा अपराध आहे ठाऊक नाही का? पहिला म्हणाला, ठाऊक नव्हते, अपराध असेल तर कबूल करतो. दुसरा म्हणाला, मुद्दाम केले नसेल तर अपराध नाही. प्रकरण इथे संपायला हवे होते. पण विनय जाणणाऱ्याने मागाहून आपल्या शिष्यांना सांगितले, याने अपराध केला आणि याला कळतसुद्धा नाही. शिष्यांनी ते दुसऱ्याच्या शिष्यांना ऐकवले. त्यांनी आपल्या गुरूला सांगितले. गुरू म्हणाला, तोंडावर एक बोलतो आणि पाठीमागे दुसरे, खोटारडा आहे. त्यावरून संघाबाहेर ठेवण्याचा ठराव, त्यावरून दोन तट, दोन उपोसथ, शेवटी हाणामारी.

तथागत दोन्हीकडे गेले. शिक्षा करणाऱ्यांना म्हणाले, आपल्याला वाटले म्हणून लगेच कोणालाही बाहेर काढू नका, संघ फुटेल याचा विचार करा. दुसऱ्या बाजूला म्हणाले, इतरांवर विश्वास ठेवून अपराध कबूल करा, संघ फुटेल याचा विचार करा. कोणी ऐकले नाही. उलट भगवानांनी स्वस्थ राहावे, आमचे आम्ही पाहून घेऊ, असे त्यांना ऐकवले. तथागत एकटे पारिलेय्यकच्या वनात निघून गेले.

मग भांडण मिटवले कोणी? कोसंबीच्या उपासकांनी. या भिक्खूंमुळे भगवान निघून गेले, यांना आम्ही वंदन करणार नाही, भिक्षा घालणार नाही, असे त्यांनी ठरवले. पोट रिकामे राहिल्यावर दोन्ही तट सावत्थीला तथागतांकडे निघाले. तिथे अनाथपिंडिक आणि विशाखा यांनी तथागतांना विचारले, आम्ही या भिक्खूंशी कसे वागावे? उत्तर असे मिळाले, की दान दोघांनाही द्या, दोघांचेही ऐका, आणि मग जे धम्माला धरून बोलतात त्यांचे मत पसंत करा. संघाला सांगितले, राहायला वेगळी जागा द्या, पण अन्न सर्वांना सारखे वाटा. ज्याच्यावर सारे झाले त्या भिक्खूनेच पुढे विचार करून अपराध होता असे कबूल केले, आणि संघ एक झाला. त्यावर उपाली थेरांनी फार मार्मिक प्रश्न विचारला. मुळाशी न जाता, चौकशी न करता केलेली एकी खरी का? तथागत म्हणाले, ती एकी अक्षरापुरती, अर्थाची नाही. एकाच वस्तीत दोन मंडळे, दोन वर्गण्या, दोन मिरवणुका आपण पाहिल्या आहेत. आणि आमदार साहेबांच्या उपस्थितीत हार घालून झालेल्या त्यांच्या एकीही पाहिल्या आहेत, ज्या पुढच्या जयंतीपर्यंतसुद्धा टिकल्या नाहीत.

आता संघाने बाहेरच्यांना किती सांगायचे, हा नाजूक प्रश्न. नियम असा, की भिक्खूचा गंभीर अपराध संघाने अधिकार दिल्याशिवाय गृहस्थांना सांगू नये. घरची अब्रू चव्हाट्यावर जाऊ नये हा हेतू. पण लोकांचा संबंध आला तेव्हा संघाने आपणहून सांगितले. देवदत्त फिरला तेव्हा, तो यापुढे जे करील ते त्याचे स्वतःचे, संघाचे नव्हे, असा ठराव करून राजगृहात जाहीर करायचे ठरले. हे काम सारिपुत्तांकडे आले तेव्हा ते कचरले. पूर्वी याच गावात मी देवदत्ताची स्तुती केली आहे, आता कसे बोलू? तथागतांनी विचारले, ती स्तुती खरी होती ना? होती. मग हेही तसेच खरे सांग.

हाच नियम पुढे कसा उलटा वापरला गेला, ते वेसालीत दिसते. महापरिनिब्बाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी यश काकंडकपुत्त नावाचा भिक्खू वेसालीला आला. उपोसथाच्या दिवशी तिथले वज्जिपुत्तक भिक्खू काशाच्या भांड्यात पाणी भरून मध्ये ठेवत आणि येणाऱ्या उपासकांना म्हणत, संघासाठी कार्षापण टाका. यश उपासकांना म्हणाले, देऊ नका, श्रमणांना सोने-रुपे घेता येत नाही. लोकांनी दिलेच. रात्री पैसे वाटले गेले आणि यशांनाही वाटा देऊ केला गेला. त्यांनी नाकारला. तेव्हा, श्रद्धाळू उपासकांना दुखावले म्हणून यांनी त्यांची माफी मागावी, असा ठराव भिक्खूंनी केला. यशांनी रीत बरोबर ओळखली. अशा शिक्षेत बरोबर एक भिक्खू द्यावा लागतो, तो द्या म्हणाले. त्याला घेऊन गावात गेले, आणि माफी मागण्याऐवजी तथागतांनी सोन्यारुप्याबद्दल काय सांगितले होते ते सारे लोकांना सांगितले. लोक म्हणाले, खरे श्रमण एकटे यशच. सोबतच्या भिक्खूने परत जाऊन हे सांगितले. लगेच दुसरा ठराव: आम्ही अधिकार दिला नसताना गृहस्थांना सांगितले, सबब यांना संघाबाहेर ठेवा. अपराध झाकण्यासाठी त्याच नियमाचे पांघरूण! पैशांचा हिशेब बाजूला राहिला आणि बोलणारा गुन्हेगार ठरला. हे वाचताना ओळखीच्या चार-दोन संस्था कोणाला आठवल्या, तर आमचा इलाज नाही.

यश कोसंबीला गेले. तिथून पावा, अवंती आणि दक्षिणापथातल्या भिक्खूंकडे त्यांनी निरोप धाडले. थोर विद्वान रेवत थेरांना त्यांनी आपल्या बाजूस घेतले. वज्जिपुत्तकही रेवतांकडे चीवरे, पात्रे घेऊन पोचले. रेवतांनी घेतली नाहीत. त्यांचा सेवक उत्तर याने आग्रहाखातर एक चीवर घेऊन थोडी रदबदली केली, तेव्हा रेवतांनी त्याला दूर केले. हे प्रकरण इथेच बसून मिटवले तर मूळ भांडणारे ते पुन्हा उकरतील, जिथे उद्भवले तिथेच निकाल व्हावा, असे म्हणून सगळे वेसालीला गेले. सातशे भिक्खू जमले. चर्चेला अंत लागेना, तेव्हा पूर्वेचे चार आणि पश्चिमेचे चार अशी आठ जणांची समिती ठरावाने नेमली गेली. बैठकीत आसने मांडायला अजित नावाचा भिक्खू नेमला होता, बाबासाहेबांच्या यादीतली बसण्याची व्यवस्था ती ही. वालिकारामात समिती बसली. रेवत एकेक मुद्दा विचारत आणि सब्बकामी थेर, ज्यांच्या उपसंपदेला १२० वर्षे झाली होती असे ग्रंथ सांगतो, ते हे चालते की नाही, आणि नाही तर तथागतांनी कुठे, कशावरून मना केले, ते सांगत. दहाही मुद्दे अमान्य झाले. पैशाचा तर झालाच, पण आणखी एक मुद्दा असा होता, की थोड्या जणांनी मिळून ठराव करावा आणि बाकीचे आले की त्यांची संमती घ्यावी. तोही गेला, आणि आधार दिला तो चंपेच्या नियमांचा, म्हणजे काश्यपगोत्राच्या प्रकरणातून निघालेल्या.

यानंतर सब्बकामी थेर जे म्हणाले ते आम्हाला सगळ्यात मोठे वाटते. निकाल लागला, वाद मिटला, तरी हे दहाही प्रश्न मला संघाच्या मध्ये सर्वांसमोर पुन्हा विचारा. मग सातशे भिक्खूंपुढे तेच प्रश्न आणि तीच उत्तरे, कारणांसहित, पुन्हा झाली. समितीने बंद दारामागे काय केले, हे कोणाला विचारावे लागले नाही.

एवढे करूनही संघ पुढे फुटला. दीपवंसात म्हटले आहे की हरलेल्यांनी आपली वेगळी संगीती भरवली. फुटीच्या कारणांवर अभ्यासकांचे एकमत नाही.

सम्राट अशोकाच्या काळी हा प्रश्न इतका वाढला होता, की संघ फोडणाऱ्या भिक्खू-भिक्खुणीला पांढरी वस्त्रे देऊन विहाराबाहेर राहायला लावावे, अशी आज्ञा त्याने सांची, सारनाथ आणि कोसंबीच्या स्तंभलेखांतून दिली. राजाने संघात हात घालावा का, हा प्रश्न आहेच. पण सारनाथच्या लेखात एक विशेष आहे. या आज्ञेची एक प्रत अधिकाऱ्यांच्या कचेरीत राहावी, तशीच दुसरी प्रत उपासकांजवळ ठेवावी, आणि उपासकांनी दर उपोसथाला येऊन तिची खात्री करून घ्यावी. नियमाची प्रत गृहस्थांच्या हातात!

आपल्या महाराष्ट्रातही असा पुरावा आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत, १० क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख कोरलेला आहे. वर्ष ४२, वेसाख महिना. चारी दिशांच्या भिक्खू संघाला हे लेणे दिले, आणि सोबत ३००० कार्षापणांची ठेव. त्यातली २००० गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीत, दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि १००० दुसऱ्या श्रेणीत, शेकडा पाऊण व्याजाने. लेखातला शब्द 'पायून' आहे, आपला 'पाऊण' त्याच घराण्यातला. मुद्दल कधी काढायचे नाही, फक्त व्याज खायचे. २००० च्या व्याजातून वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापणे. हिशेब करून पाहा: दरमहा २०, वर्षाचे २४०, वीस गुणिले बारा. एकही कवडी इकडेतिकडे नाही. आणि हे सर्व निगमसभेत वाचून दाखवले व रीतीप्रमाणे फलकावर नोंदवले, असेही त्याच लेखात लिहिले आहे. विहाराची सहल नाशिकला जाईल तेव्हा मुलांना ही ओसरी जरूर दाखवावी. अक्षरे ब्राह्मी आहेत, वाचायला कोणी जाणकार बरोबर घ्यावा लागेल.